येणे बाकी

माझ्या टेबलाच्या खणात लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. लांबट, पाठीला पांढऱ्या दोऱ्याची शिवण असलेली. पहिल्या पानावर हळदीकुंकवाचे डाग आणि ‘श्री’. विट्याला आमचं किराणा दुकान होतं, तिथली ही उधारीची वही. पहिल्या अकरा पानांवर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अक्षर आहे. गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, माल, रक्कम आणि शेवटच्या रकान्यात शेरा. बाराव्या पानापासून माझं अक्षर सुरू होतं. रकाने तेच. फक्त तूरडाळ आणि गोडेतेलाच्या जागी लेख.

हे असं झालं कारण 2001 साली माझा पहिला लेख एका जिल्हा दैनिकाच्या रविवार पुरवणीत छापून आला. आमच्या गल्लीतल्या यंत्रमागांवर लिहिला होता. रात्री मागांची खडखड थांबली की लोकांना जाग येते, असं काहीतरी त्यात होतं. फुलस्केपच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट, कारण तसं केलं नाही तर ‘साभार परत’सुद्धा येत नाही असं कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं. लेख आला त्या रविवारी मी अंक घेऊन दुकानात गेले. अण्णांनी चष्मा लावून सगळा वाचला, घडी घातली आणि विचारलं, “किती दिलं?”

“दिलं कुठं? छापलंय ना.”

“म्हंजे उधारीवर दिलंस.”

आणि त्यांनी खरोखर चालू वही ओढली, मागची कोरी पानं उलगडली आणि दैनिकाचं नाव, तारीख, ‘लेख 1 नग’ असं लिहिलं. रकमेच्या जागी आडवी रेघ. शेऱ्याच्या जागी ‘बघू’.

‘बघू’ हा अण्णांचा खास शेरा होता. दुकानात बुडीत उधारी असा शब्दच नव्हता. जो माणूस देईलच असं वाटत नाही, पण ज्याच्याशी भांडायचंही नाही, त्याच्यापुढं ‘बघू’. पुढच्या वर्षी अण्णांनी नवी वही घेतली आणि ही मला दिली. ते पैसे अजून आलेले नाहीत. ते दैनिकही आता नाही.

लग्नानंतर पुण्याला आले तेव्हा कळलं की लिहिणं ही एक गोष्ट आहे आणि ते खपवणं ही निराळी. खपवणं हा शब्द आपल्याकडे लेखणीच्या बाबतीत कुणी उच्चारत नाही. आपण लेख ‘देतो’, तो ‘स्वीकारला जातो’, आणि मग ‘मानधन’ येतं किंवा येत नाही. या मानधन शब्दाचं मला फार कौतुक वाटतं. प्लंबरला मजुरी असते, डॉक्टरची फी असते, वकिलाचीही फी असते. लेखकाला मानधन. त्यातला मान आधी देऊन टाकायचा, म्हणजे धनाचं कुणी विचारत नाही.

तर लेख खपवायचा कुठं, हे शोधायला मी वाचनालयात जायला लागले. डिसेंबरात. दिवाळी संपली की वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना सुरू असते. ठरावीक पैसे भरायचे आणि दोन-तीन महिने अंक बदलून नेत राहायचे. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा मोजतात. शंभर वर्षं उलटून गेली आणि अजून दर वर्षी शेकड्यांनी अंक निघतात. नवख्या माणसाला वाटतं, इतके अंक, म्हणजे इतकी दारं. मलाही वाटलं. पहिल्या वर्षी मी नऊ अंकांना लेख पाठवले. तीन छापून आले. पैसे एकाकडून आले, 300 रुपये, मनिऑर्डरनं, संक्रांत झाल्यावर. दुसऱ्यानं अंकाची एक प्रत पाठवली. तिसऱ्याचा अंक मी स्वतः विकत घेतला.

दुसऱ्या वर्षी मी अंक उलटा वाचायला शिकले. म्हणजे मजकूर नंतर, जाहिराती आधी. दिवाळी अंक विक्रीवर चालत नाही, जाहिरातींवर चालतो, हे एकदा कळलं की सगळा अंक निराळा दिसायला लागतो. मलपृष्ठावर रंगीत जाहिरात कुणाची? सराफी पेढी, सहकारी बँक, बिल्डर, मसाले असतील तर त्या अंकात पैसा आला आहे. आतल्या पानांवर ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा – एक हितचिंतक’ अशा चौकटी असतील तर संपादकानं स्वतःच्या मेव्हण्याकडून आणि व्याह्याकडून हजार-हजार गोळा केलेत. अशा संपादकाकडे मानधन मागणं म्हणजे त्याच्याच खिशात हात घालणं. तिथं लेख द्यायचा असेल तर प्रेमानं द्यावा. मी दिलेतही. पण वहीत न लिहिता.

मग अनुक्रमणिका. दर वर्षी येणारी नावं पेन्सिलीनं खोडायची. ज्यांना संपादक आपण होऊन फोन करतात ती माणसं. उरलेली नावं मोजायची. एखाद्या जाडजूड अंकात ती दोन उरतात, एखाद्या मध्यम अंकात दहा. ते दहा म्हणजे आपली जागा. वाचनालयाच्या अंकावर पेन्सिल चालवली म्हणून ग्रंथपालबाईंची बोलणी मी खाल्ली आहेत, पण त्या दोन डिसेंबरांत मला जे कळलं ते लेखन कार्यशाळांतून कळलं नसतं.

अंकांचं वर्षही पंचांगाप्रमाणे चालतं. मे-जूनमध्ये विषय ठरतो, जुलैअखेर मजकूर हवा असतो. अधिक महिना आला की सगळं पुढं सरकतं. 2023 साली अधिक श्रावणामुळे लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2025 साली 21 ऑक्टोबरला. म्हणजे एका वर्षी लेखासाठी तीन आठवडे जास्त, दुसऱ्या वर्षी कमी. मी जानेवारीत कॅलेंडर आणलं की आधी दिवाळी बघते. घरच्यांना वाटतं, फराळाची हौस.

वहीतली सगळ्यात स्वच्छ पानं आकाशवाणीची आहेत. आधी करारपत्र यायचं. विषय, किती मिनिटं, रेकॉर्डिंगची तारीख, रक्कम, सगळं छापील. सही करून परत पाठवायचं. दहा मिनिटांच्या भाषणाला माझे हजारभर शब्द लागायचे. स्टुडिओत गेल्यावर कळायचं की जोडाक्षरांनी भरलेलं वाक्य डोळ्यांना बरं दिसतं, पण जिभेवर येत नाही. पानं उलटताना कागद वाजू नये म्हणून प्रत्येक पान सुटं ठेवायचं, टाचणी नाही. मला बोलायला लिहिणं तिथं आलं. रक्कम फार नसायची, पण करारात असेल तेवढी पुढं जमा दिसायची. वहीत त्या पानांवर ‘बघू’ नाही.

भाषांतराचं पान मात्र लांबलचक आहे. ठिबक सिंचनाच्या माहितीपुस्तिका, बचतगटांसाठीची पत्रकं, एका वॉशिंग मशीनचं संपूर्ण मॅन्युअल. शब्दाला 50 पैशांपासून सुरुवात केली, दीड रुपयापर्यंत पोचले. इथं कुणी मानधन म्हणत नाही, रेट म्हणतात, आणि त्यामुळेच विचारायला लाज वाटत नाही. हे माझं निरीक्षण आहे, ज्याला पटेल त्यानं घ्यावं: ज्या कामाला आपल्याकडे साहित्य म्हणत नाहीत, त्याचे पैसे वेळेवर येतात. अर्थात तेही दिवस गेले. गेली दोन-तीन वर्षं फोन येतो तो ‘मॅडम, भाषांतर झालेलं आहे, फक्त नजर टाकायची’ असा. मशीननं केलेलं भाषांतर आणि तिसरा हिस्सा रेट. नजर टाकायला बसलं की ‘ड्रेन होज’चं कुठं ‘निचरा नळी’, कुठं ‘गटार पाइप’, एका ठिकाणी ‘पाणी काढा’ झालेलं असतं. सगळं उसवून पुन्हा शिवायचं, आणि पैसे काजबटणाचे.

फॉन्टचं दुःख इथंच सांगून टाकते. मी लिहिते युनिकोडमध्ये, छापणाऱ्याला हवं असतं श्रीलिपीत. कन्व्हर्टरमधून मजकूर गेला की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘सुऱ्या’चं ‘सुर्या’. माझ्या एका लेखात स्वयंपाकघरातल्या सुऱ्या होत्या, छापून आलं ‘आईच्या सुर्यांना धार होती’. एका वाचकानं सूर्य एकच असतो असं कळवलं.

मालिकेचे संवादही तीन महिने लिहून पाहिले. रोजचा एक भाग, आणि पैसे 90 दिवसांनी. अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “तीन म्हैनं उधारी तर आपण कारखान्याच्या टोळीलाबी देत न्हाई.” सोडलं.

आणि मग 2023 साली आबा भेटले.

आमच्या विटा-खानापूर भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर पसरलेली आहेत. कुठल्याही मोठ्या गावाच्या सराफकट्ट्यावर जा, मागच्या बोळात भट्टी पेटलेली असते आणि तिथं आपली मराठी ऐकू येते. आबा 1958 साली, सोळाव्या वर्षी, चुलत्याबरोबर कोइमतूरला गेले आणि पन्नास वर्षांनी परत आले. आता सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम होता आणि मुलांना वाटत होतं की त्या दिवशी त्यांच्या आयुष्याचं पुस्तक वाटावं. आबा सांगणार, मी लिहिणार. याला शब्दांकन म्हणतात. या बाजाराची जाहिरात कुठं येत नाही. तो लग्नात, बारशात, तेराव्याला तोंडी चालतो. मला हे काम आलं ते माझ्या मावशीच्या जावेकडून.

पहिल्याच बैठकीत आबांनी विचारलं, “शब्दावर घेतीस का पुस्तकावर?”

मी म्हटलं, कसंही चालेल.

“शब्दावर नको. शब्दावर दिलं तर तू भेसळ करणार.”

पुस्तकावर ठरलं. 75 हजार, तीन हप्त्यांत, पहिला आत्ता. त्यांनी सुनेला हाक मारली, कपाटातून पाकीट आणायला लावलं, आणि पंचवीस हजार माझ्यासमोर दोनदा मोजले. एकदा त्यांनी, मग मला दिले आणि म्हणाले, “आता तू मोज.” मला कसंसंच झालं. बावीस वर्षांत कुणी माझ्यासमोर लेखनाचे पैसे मोजले नव्हते, आणि मला मोजायला तर कधीच लावलं नव्हतं. मी मोजले.

अकरा बैठका झाल्या. मोबाइल मधे ठेवायचा, आणि आबा बोलायचे. मूस कशी तापवायची, तेजाबाचा धूर छातीत कसा बसतो, 1963 साली सुवर्णनियंत्रण आलं आणि 14 कॅरटच्या वर दागिना घडवायला बंदी झाली तेव्हा सोनारांच्या आळीत चुली कशा थंडावल्या. सोनारच बसून, तर गलाईवाल्याकडे काय येणार? त्या वर्षी आबांनी पाच महिने एका खानावळीत भांडी घासली होती. हे त्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हतं. थोरल्या मुलानं नंतर मला बाजूला घेऊन ते गाळता येईल का विचारलं. मी म्हटलं, आबांना विचारा. आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. भांडी सोच्छ घासली हुती.”

एका बैठकीत झाडलोटीचा विषय निघाला. सोनारांच्या दुकानातली झाडलोट गलाईवाले विकत घेतात, जाळतात, गाळतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. मी विचारलं, पण त्या केरात किती सोनं आहे हे घेताना कसं कळायचं?

“केर बघत न्हाई आमी. दुकान बघतो. किती कारागीर बसत्यात, काम कसलं चालतं, मालक दिवा किती वाजेपतूर ठेवतो. केर काय, सगळीकडं सारखाच दिसतो.”

मला वाचनालयातला डिसेंबर आठवला आणि मी मोठ्यानं हसले. आबांना वाटलं मला खोटं वाटतंय. म्हणून त्यांनी आणखी वीस मिनिटं समजावून सांगितलं, आणि तेच पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण झालं. पाचशे प्रती छापल्या, कार्यक्रमात शाल-श्रीफळाबरोबर वाटल्या. आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘शब्दांकन’ आणि माझं नाव. तिसरा हप्ता कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आला होता. वहीत शेवटच्या रकान्यात काय लिहावं कळेना. मोकळाच आहे.

याच्या बरोबर उलट पान त्याच्या आधीचं, 2019 सालचं. एका कंपनीच्या पन्नाशीचं पुस्तक. चकचकीत ऑफिस, काचेच्या ग्लासातून पाणी, 60 हजार ठरले. मजकूर दिला, पुस्तक निघालं, मला निमंत्रणही होतं. पैसे नाहीत. फोन केला की ‘अकाउंट्सला पाठवलंय’. पुढच्या जुलैत विवरणपत्र भरायला गेले तर आमच्या करसल्लागारानं फॉर्म 26 एएस, म्हणजे माझ्या नावावर भरलेल्या कराचा उतारा, काढला आणि म्हणाला, ताई, यांनी तर तुमचा 6 हजार टीडीएस भरलाय. म्हणजे माझ्या मानधनातला दहा टक्के हिस्सा सरकारला पोचला होता, मीच राहिले होते. त्यानं समजावलं: हिशेबाच्या वहीत खर्च दाखवला की कर कापून भरावाच लागतो, मग पैसे प्रत्यक्ष दिलेले असोत वा नसोत. मी तो कागद स्कॅन करून अकाउंट्सला पाठवला. सोबत एकच ओळ, ‘उरलेले 54 हजार माझे आहेत.’ चौथ्या दिवशी आले. त्यानंतर मी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, करून घेतली. आता कंपन्यांना जाणाऱ्या बिलाखाली पैसे देण्याची 45 दिवसांची मुदत कायद्याच्या कलमासकट छापते. त्याचा धाक किती हे सांगता येत नाही, पण तळाशी कलम दिसलं की फोनवरचा आवाज बदलतो.

हक्कांचा घोळ मात्र मी फार उशिरा शिकले. 2012 साली माझे जुने लेख एकत्र करून पुस्तक काढायचं चाललं होतं, तेव्हा एका संपादकांनी कळवलं की आमच्याकडे छापलेला लेख आमचा झाला. मी घाबरून तो लेख काढून टाकला. पुस्तकातला तो सगळ्यात बरा लेख होता. नंतर एका वकील मैत्रिणीनं 1957 चा कॉपीराइट कायदा समोर ठेवला. नोकरीत राहून वर्तमानपत्रासाठी लिहिलं तर गोष्ट वेगळी, पण बाहेरून लिहिणाऱ्याचा लेख हा लिहिणाऱ्याचाच. तो दुसऱ्याचा व्हायचा तर लेखी करार लागतो, सही लागते. आणि करारात मुदत घातली नसेल तर पाच वर्षांचीच धरतात. मी तर त्या संपादकांना कागदाचा कपटाही सही करून दिला नव्हता. ‘साभार’ एवढं लिहिलं होतं. आता कुठल्याही ॲपच्या नाहीतर स्पर्धेच्या नियमावलीत ‘सर्व हक्क’ हे शब्द दिसले की मी आधी बक्षिसाची रक्कम बघते आणि मग, बहुतेक वेळा, खिडकी बंद करते.

कोविडनंतर वहीतली बरीच नावं गेली. साप्ताहिकं मिटली, पुरवण्या चार पानांच्या दोन झाल्या. नवी नावं आली ती ऐकण्याची: गोष्टींची ॲप, पॉडकास्ट, एका रुग्णालयासाठी पेशंटना समजेल असं लिहिणं. आकाशवाणीत सुटी पानं घेऊन बसायची सवय या कामांना उपयोगी पडली. माझी भाची विचारते, मावशी, कविता कुठं पाठवू? मी तिला वाचनालयात घेऊन जाते आणि मागच्या जाहिराती दाखवते. ती वैतागते.

अण्णांना जाऊन चार वर्षं झाली. दुकान भावानं मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं दिलं. वहीतली पहिली अकरा पानं मी कधीतरी चाळते. एका बाईंच्या नावापुढं साखर, रवा, ‘बघू’, आणि खाली दुसऱ्या शाईत, सात वर्षांनंतरच्या तारखेनं, ‘जमा’.

काल दुपारी एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. आवाज तरुण, मला ‘ताई’ म्हणत होते. विषय नदी, पंधराशे शब्द, जुलैअखेर. गेल्या वर्षीचा त्यांचा अंक मी पाहिलेला आहे. मलपृष्ठावर पतसंस्था, आत दोन सराफ, हितचिंतक फक्त तीन. मी बोलता बोलता खण उघडला, वही काढली, तारीख घातली, ‘नदी, 1 नग’ लिहिलं आणि विचारलं, “मानधन किती देता?”

पलीकडे थोडं शांत झालं. मग ते म्हणाले, “ताई, बघू ना.”

माझं पेन शेवटच्या रकान्यावर होतं.

“नको,” मी म्हटलं. “रक्कम सांगा, मी लिहून घेतेय.”